हिरवा किडा, काळे डोळे: फोटोवरून कीटक ओळखतात कसे

गणपती शिरवून दोनच दिवस झाले होते. रात्री साडेनऊला शेजारच्या नववीतल्या मुलाने व्हॉट्सअ‍ॅपवर एक फोटो पाठवला. त्यांच्या गॅलरीच्या जाळीवर बसलेला लांबट हिरवा किडा, वरून ट्यूबलाइटचा उजेड, डोळे कुळकुळीत काळे. खाली प्रश्न होता, "काकू, हा कोणता किडा आहे? चावते का?" लगेच दुसरा मेसेज आला, "अ‍ॅप चायनीज मँटिस सांगून राहिलं."

मी लिहिलं, मँटिस आहे, म्हणजे प्रार्थना कीटक. विष नाही, नांगी नाही. मुठीत दाबलास तर पायाचे काटे टोचतील, तेवढंच. बहुधा नर आहे. नेमकी जात या फोटोवरून सांगता येणार नाही.

"एवढा क्लिअर फोटो आहे तरी?"

फोटो चांगला होता, त्याबद्दल वादच नाही. पंखांच्या शिरासुद्धा दिसत होत्या. पण मँटिसची जात ठरवायला ज्या खुणा सगळ्यात जास्त कामी येतात, त्या पुढच्या पायांच्या आतल्या बाजूला असतात, आणि हा फोटो पाठीवरून घेतलेला. बरीच वर्षं मी नागपुरात अंबाझरीच्या काठाने, सेमिनरी हिल्सवर आणि बहुतेक वेळा घराच्याच आवारात कीटकांचे फोटो काढते. ओळखीपाळखीची माणसं त्यांचे फोटो पाठवतात, तेही पाहते. त्यातून माझं एक मत पक्कं झालं आहे. ओळखणाऱ्याच्या हाती किडा नसतो, फक्त फोटो असतो. फोटोत जे अवयव आले, त्यांच्या जोरावर नाव जिथवर जाईल तिथवर न्यायचं आणि तिथे थांबायचं. कुठे थांबायचं हे कसं ठरतं, ते समजावून सांगायचा हा प्रयत्न.

नावाच्या पायऱ्या

शाळेच्या हजेरीपटात आडनाव आधी आणि नाव नंतर लिहितात. शास्त्रीय नावाचंही तसंच. मँटिस रिलिजिओसा या नावात मँटिस हे जणू आडनाव, त्याला जातकुळी म्हणू. रिलिजिओसा हे त्या घरातल्या एका जातीचं नाव. स्वीडनचा निसर्गशास्त्रज्ञ लिनियस याने या जातीचं वर्णन १७५८ मध्ये केलं. जातकुळीच्या वर कुळ आणि कुळाच्या वर गण. फुलपाखरं आणि पतंग मिळून एक गण, भुंगेऱ्यांचा एक, माश्या आणि डासांचा एक. सगळ्या मँटिसांचा मिळून मँटोडिया नावाचा स्वतंत्र गण आहे. त्यात जगभरात सुमारे २,४०० जाती आहेत आणि भारतातून दीडशेहून अधिक जातींची नोंद आहे.

फोटो धूसर असला तरी गण बहुधा कळतो. कुळासाठी शरीराची ठेवण नीट दिसावी लागते, जातकुळीसाठी ठरावीक अवयव. जातीपर्यंत पोचायला तर कधी कधी नराची जननेंद्रियं सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी लागतात, आणि तिथे कुठलाच फोटो पुरत नाही. म्हणून कुणी जाणकाराने 'हिएरोडुला जातकुळी, जात अनिश्चित' असं उत्तर दिलं, तर ते टाळाटाळीचं समजू नका. पुराव्याइतकं ते पूर्ण आहे. उलट, कसल्याही फोटोवर दोन सेकंदांत जातीसकट नाव ठोकून देणाऱ्यापासून मी सावध राहते.

आपल्याकडे कुठल्याही लांब हिरव्या किड्याला सर्रास नाकतोडा म्हणतात. आमच्या घरीही म्हणत. पण नाकतोडा आणि मँटिस यांचं नातं दूरचं आहे. मँटिसची खरी भावकी म्हणजे झुरळ आणि वाळवी. ऐकायला विचित्र वाटतं, पण मँटिस आणि झुरळ दोघंही अंडी एकेकटी न घालता एका वेष्टणात घालतात, त्यावरून हे नातं थोडं पटतं. फोटोत दोघांना वेगळं करायला मागचे पाय पाहा. नाकतोड्याच्या मागच्या मांड्या उडी मारण्यासाठी जाड आणि लांब असतात. मँटिसचे मागचे चार पाय काटकुळे, आणि सगळा जोर पुढच्या दोन पायांत.

मँटिससारखे दिसणारे, पण मँटिस नसलेले

पुढचे पाय पकडीसारखे दिसले की मँटिस, असा नियम केला तर दोन ठिकाणी फसायला होतं. मी स्वतः फसले होते. पहिल्या पावसानंतर दिव्यावर आलेल्या एका इवल्या, पिवळ्या-तपकिरी किड्याचा फोटो मी दोन वर्षं 'लहान मँटिस' म्हणून जपून ठेवला होता. तो निघाला मँटिस्पिड. हा मँटिसचा कुणीच लागत नाही, तो जाळीदार पंखांच्या कीटकांतला, म्हणजे कापसावरचा मावा खाणाऱ्या क्रायसोपाच्या गणातला. त्याचे पंख काचेसारखे पारदर्शक असतात, त्यांवर शिरांचं दाट जाळं असतं आणि बसल्यावर ते पाठीवर घराच्या उतरत्या छपरासारखे दिसतात. पकडीचे पायसुद्धा मानेच्या अगदी पुढच्या टोकाला, डोक्याला लागून फुटलेले. शिवाय त्याच्या बऱ्याच जातींच्या अळ्या कोळ्याच्या अंड्यांच्या पिशवीत शिरून अंडी फस्त करतात. एवढा वेगळा प्राणी, आणि पकडीच्या पायांपुरता हुबेहूब मँटिस. शिकारीची गरज सारखी असली की वेगवेगळ्या घराण्यांत एकच हत्यार घडतं, त्याचा हा नमुना.

दुसरा आहे रॅनाट्रा, तलावातला. फुटाळ्यासारख्या तलावाच्या कडेला, गवत पाण्यात उतरतं तिथे तो सापडू शकतो. वाळक्या काडीसारखं अंग, पकडीचे पाय, आणि शेवटाला एक लांब शेपटी. शेपटी कसली, ती पाण्याबाहेर काढून श्वास घ्यायची नळी आहे. हा ढेकणांच्या गणातला. तोंडाकडे पाहिलं तर जबड्यांऐवजी टोचायची सोंड दिसते. आणि काडीकिडा म्हणून जो ओळखला जातो, त्याचे पुढचे पाय साधे असतात. पकड नाही, काटे नाहीत. तो बिचारा पाला खाऊन जगतो.

मँटिसच्या अंगावर काय वाचायचं

आधी डोळे, कारण सगळ्यात जास्त घोटाळा त्यांच्यावरून होतो. शेजारच्या मुलाच्या फोटोतले ते काळे डोळे ही जातीची खूण नव्हे. रात्री बहुतेक मँटिसांचे डोळे असेच गडद होतात. मंद उजेडात जास्तीत जास्त प्रकाश टिपता यावा म्हणून डोळ्यातलं रंगद्रव्य जागा बदलतं. तोच किडा सकाळी पाहिला तर डोळे हिरवे किंवा मातकट. दिवसाच्या फोटोत डोळ्यात एक बारीक काळा ठिपका दिसतो, आणि आपण कुठूनही पाहिलं तरी तो आपल्याकडेच रोखलेला वाटतो. तीही खूण नाही. कीटकाचा डोळा असंख्य बारीक नळ्यांचा बनलेला असतो. ज्या नळ्यांचं तोंड थेट आपल्याकडे असतं, त्यांच्यात शिरलेला उजेड आतच जिरतो, म्हणून तेवढी जागा काळी दिसते. आपण सरकलो की दुसऱ्या नळ्या आपल्यासमोर येतात आणि ठिपका सरकल्यासारखा भासतो. डोळ्याचा आकार मात्र उपयोगाचा आहे. उंच गवतात राहणारा स्किझोसेफाला बायकॉर्निस बघा. त्याचे डोळे शंकूसारखे टोकदार, पुढे निघालेले, अंग गवताच्या काडीइतकं सडपातळ. तो एकदा नीट पाहिला की पुन्हा चुकत नाही.

आता पुढचे पाय. यांचे तीन मोठे भाग लक्षात ठेवायचे. अंगाला जोडलेला खुब्याचा लांब दांडा, मग काट्यांची जाड मांडी, मग मांडीवर अडकित्त्यासारखी मिटणारी नडगी. मँटिस 'हात जोडतो' तेव्हा मांडी आणि नडगी मिटलेली असतात, आणि खुब्याची आतली बाजू झाकली जाते. नेमकी हीच बाजू नाव सांगते. मँटिस रिलिजिओसाच्या खुब्याच्या आत, अंगाजवळ, एक काळा डाग असतो. पुष्कळदा त्याच्या मधोमध पांढरं, डोळा काढल्यासारखं. स्टॅटिलिया हा सडपातळ, मातकट रंगाचा मँटिस. वरून पाहिलं तर वाळक्या गवताचा तुकडा, आणि पुढच्या पायांच्या आत मात्र गडद डाग. हिएरोडुला या दणकट हिरव्या मँटिसांच्या खुब्यावर फिकट गाठी किंवा दातरे असतात, आणि त्यांची संख्या, आकार, मांडणी यांवरून जाती वेगळ्या होतात. मांडीच्या आतल्या काट्यांचाही हिशोब असतो. हिएरोडुलाला आणखी एक सोपी खूण आहे, पुढच्या पंखाच्या बाहेरच्या कडेजवळ पांढुरका ठिपका. ती पाठीवरूनही दिसते.

म्हणजे त्या मुलाच्या फोटोत ठिपका होता का? एका पंखावर तसं काहीतरी दिसत होतं, पण ट्यूबलाइटची चमकही तिथेच पडली होती. म्हणून मी जातकुळीचं नाव घेतलं नाही.

'बहुधा नर' असं मी का म्हटलं, तेही सांगते. मँटिसची मादी पोटाने भारदस्त असते. कित्येक जातींत तिचे पंख पोट पुरतं झाकत नाहीत आणि तिला फारसं उडता येत नाही. नर सडसडीत, त्याच्या मिशा लांब, पंख पोटाच्या पलीकडे गेलेले. रात्री मादीच्या शोधात उडतो तो नरच, त्यामुळे दिव्यावर येणाऱ्यांत नरांचा भरणा जास्त. रात्री उडायचं म्हणजे वटवाघळांची भीती, आणि त्यासाठी मँटिसकडे एक विलक्षण सोय आहे. त्याला एकच कान असतो. तो छातीच्या खालच्या बाजूला, मागच्या पायांच्या मधोमध असतो, आणि वटवाघळांचे माणसाला ऐकू न येणारे आवाज त्याला ऐकू येतात. या कानाचा शोध १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याआधी मँटिस बहिरा असतो असंच मानत. नर की मादी याची पक्की खात्री करायची असेल, तर पोटाचा खालून फोटो हवा. पोटावरच्या आडव्या पट्ट्या मोजायच्या. नराच्या आठ दिसतात, मादीच्या सहा.

वय हा तिसरा गोंधळ. मँटिसला अळी-कोष ही भानगड नाही. अंड्यातून बाहेर येतो तोच छोटा मँटिस, फक्त बिनपंखी. कात टाकत टाकत तो वाढतो आणि शेवटच्या कातीनंतर पंख पूर्ण येतात. त्याआधी पाठीवर पंखांचे नुसते कोंब दिसतात. फोटोत कोंब दिसले, की ते पिल्लू आहे असं लिहायचं आणि जातीचा हट्ट सोडायचा, कारण बहुतेक खुणा प्रौढांच्या असतात. आणि एकदा पूर्ण पंख आलेला कीटक वाढत नाही. छोटी माशी म्हणजे मोठ्या माशीचं पोर, ही समजूत आपल्याकडे फार घट्ट आहे. ती चूक आहे.

पिल्लांवरून एक प्रसंग दरवर्षी ठरलेला. झेंडूवर नाहीतर शेवंतीवर बसलेलं, पांढरट-गुलाबी, पोट पाठीवर वळवून वर उचललेलं एक देखणं पिल्लू कुणालातरी दिसतं, आणि 'नागपुरात ऑर्किड मँटिस सापडला' म्हणून फोटो फिरायला लागतो. ऑर्किड मँटिस हा मुख्यतः आग्नेय आशियातल्या दमट जंगलांतला. त्याच्या मधल्या आणि मागच्या मांड्यांवर पाकळीसारखे रुंद पसारे असतात. आपल्या झेंडूवरचं पिल्लू बहुधा क्रिओब्रोटरचं निघतं. तो भारतातला सामान्य फुल-मँटिस आहे. मोठा झाला की त्याच्या हिरव्या पंखांवर काळ्या किनारीचा, डोळ्यासारखा गोल उमटतो. सामान्य असला म्हणून त्याचं रूप उणं होत नाही. मला तर तो वाघाइतकाच देखणा वाटतो, आणि तो बघायला पेंचपर्यंत जावं लागत नाही.

रंग आणि ऋतू

रंगावर किती भरवसा ठेवायचा? मँटिसच्या बाबतीत फारच थोडा. एकाच जातीत हिरवे आणि तपकिरी दोन्ही असतात, आणि कात टाकताना पिल्लू रंग बदलूही शकतं. नागपूरचा उन्हाळा आणि नागपूरचा श्रावण ही दोन वेगळी गावं वाटावीत इतकं इथलं गवत बदलतं, आणि कीटकही त्याबरोबर बदलतात. याचं सगळ्यात सुरेख उदाहरण कॉमन इव्हिनिंग ब्राउन नावाचं, संध्याकाळी घरात शिरणारं तपकिरी फुलपाखरू. पावसाळ्यात त्याच्या पंखांच्या खालच्या बाजूला डोळ्यांसारखे ठिपके ओळीने असतात. कोरड्या दिवसांत जन्मलेल्या पिढीत हे ठिपके जवळजवळ नाहीसे होतात आणि पंख थेट वाळक्या पानासारखे होतात. दोन फोटो शेजारी ठेवले तर कुणीही दोन जाती म्हणेल. म्हणून फोटोबरोबर तारीख हवीच.

नकला करणारे तर आणखी फसवतात. रुईच्या झाडाभोवती दिसणारं नारिंगी प्लेन टायगर फुलपाखरू पक्ष्यांना बेचव लागतं, म्हणून डॅनेड एगफ्लाय या भलत्याच फुलपाखराच्या मादीने त्याचा पेहराव उचलला आहे. फरक मागच्या पंखात. प्लेन टायगरच्या मागच्या पंखाच्या मधल्या भागात काळे ठिपके असतात. नकलाकार मादीचा तो भाग स्वच्छ, एकच ठिपका वरच्या कडेला. फोटोत मागचा पंख पुढच्या पंखाखाली दडला असेल, तर निकाल राखून ठेवायचा. फुलांवर घिरट्या घालणारी पट्टेरी 'मधमाशी' हीसुद्धा अनेकदा साधी माशी असते. पंख दोनच आणि मिशा आखूड दिसल्या की माशी. मधमाशीला पंख चार असतात. भुंगेरा आणि ढेकूण यांत पाठ बघायची. भुंगेऱ्याच्या पाठीवर टणक पंखांची सरळ रेघ असते, ढेकणाच्या पाठीवर त्रिकोण.

नाव चुकलं तर काय बिघडतं

माझं माहेर काटोलकडचं. भावाची संत्र्याची बाग आहे. त्याने एकदा पाठवलेल्या फोटोत संत्र्याच्या पानावर पक्ष्याची विष्ठा दिसत होती. "ताई, पोट्टे म्हणतात ही हलते." ती अळी होती. लाइम बटरफ्लाय किंवा कॉमन मॉर्मन, दोघांच्या लहान अळ्या अशाच विष्ठेसारख्या दिसतात आणि दोन्ही लिंबू-संत्र्याच्या झाडांवर वाढतात. मोठ्या झाल्या की हिरव्या होतात आणि डिवचलं तर डोक्यामागून दुबेळकं शिंग काढून उग्र वास सोडतात. तेवढ्या लहान वयात दोघींना वेगळं करायचा प्रयत्न मी केला नाही. भावाला त्याची गरजही नव्हती. कोवळी पालवी कोण खातं आहे, एवढं त्याला हवं होतं.

पण दुसरा फोटो महत्त्वाचा होता. आंबिया बहाराची फळं पिकायला आली की रात्री पतंग येऊन फळात सोंड खुपसतात. फळ टोचलेल्या जागी सडतं आणि गळतं. भावाने दिवसा झाडीत बसलेल्या एका पतंगाचा फोटो पाठवला. पंख मिटलेले, हुबेहूब वाळकं पान. त्या फोटोवरून एवढंच म्हणता आलं की फळातला रस शोषणाऱ्या पतंगांपैकी असू शकतो. रात्री बॅटरीच्या उजेडात त्याने पुन्हा फोटो घेतला, त्यात फळावर बसलेल्या पतंगाचे पंख किंचित उघडे होते आणि आत नारिंगी मागचा पंख होता, त्यावर गोल काळा ठिपका. आता नाव पुढे गेलं, यूडोसिमा मॅटेर्ना. त्याच्या भावकीतल्या यूडोसिमा फॅलोनियाचा ठिपका गोल नसतो, स्वल्पविरामासारखा वळलेला असतो. आणि नाव कळल्यावर पुढची गोष्ट हाती लागली. या पतंगाच्या अळ्या संत्र्यावर नसतातच, त्या गुळवेलीच्या कुळातल्या वेलींवर वाढतात. संत्र्याच्या पानांवर फवारून अळ्या कशा मरणार? कुंपणावरचे वेल पाहायला हवेत.

याच्या उलट घडलेलंही पाहिलं आहे. कपाशीवर काळ्या, खरबरीत, नारिंगी ठिपक्यांच्या, इवल्या सुसरीसारख्या अळ्या दिसल्या म्हणून एका नातेवाइकाने घाईने फवारणी केली. त्या ढालकिड्याच्या, म्हणजे लेडीबर्डच्या अळ्या होत्या, मावा खाऊन संपवणाऱ्या. मावा पुन्हा आला, खाणारे उरले नव्हते. मला तेव्हा फार वाईट वाटलं. एक नीट फोटो आणि अर्ध्या दिवसाची थांबायची तयारी, एवढ्याने ते वाचलं असतं.

अ‍ॅपला काय येतं, काय येत नाही

आयनॅचरलिस्ट २००८ मध्ये अमेरिकेतल्या बर्कलीच्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून सुरू झालं. त्याच वर्षी आपल्याकडे इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल आलं. अशा ठिकाणी फोटो टाकला की जाणकार माणसं नाव सुचवतात, आणि आयनॅचरलिस्टवर संगणकही सुचवतो. संगणक शिकतो तो आधी ओळखलेल्या फोटोंवरून. ज्या देशांत फोटो काढणारे जास्त, तिथल्या जाती त्याला चांगल्या पाठ. आपल्या कित्येक मँटिसांचे खात्रीने ओळखलेले फोटोच थोडे आहेत, मग तो त्याला माहीत असलेल्यांतला सगळ्यात मिळताजुळता पुढे करतो. नागपूरच्या गॅलरीत चायनीज मँटिस उगवतो तो असा. अ‍ॅपचं मी ऐकते, पण गण आणि कुळापर्यंत. तिथे ते सहसा बरोबर असतं. पुढचं नाव आलं, की ती जात आपल्या भागात सापडते का, ते आधी पाहते.

आयनॅचरलिस्टबद्दल एक गोष्ट कळकळीने सांगाविशी वाटते. नाव सुचवणाऱ्यांत दोन तृतीयांशांहून जास्त जणांचं एकमत झालं, आणि तारीख, ठिकाण, फोटो असला, की नोंद संशोधनाच्या दर्जाची ठरते आणि पुढे अभ्यासकांच्या माहितीसाठ्यात जाते. दोन माणसं पुरतात. म्हणून कुणी आपल्या फोटोला नाव दिलं, की आभार मानण्यासाठी 'सहमत' दाबू नका. ते नाव का, हे स्वतःला पटलं तरच दाबा.

फोटो काढताना

पहिला फोटो लांबून, किडा उडून जायच्या आत. मग एक एक पाऊल. पाठीवरून एक, बाजूने एक, समोरून चेहऱ्याचा एक. मँटिस असेल तर पुढच्या पायांच्या आतल्या बाजूसाठी थांबा. तो मिशा किंवा पाय चाटून साफ करायला लागला की पाय आपोआप उघडतात, तो क्षण पकडायचा. खिडकीच्या काचेवर किंवा जाळीवर बसला असेल तर पलीकडून पोटाचा फोटो मिळतो, ही संधी सोडू नका. जवळून काढताना स्पष्ट दिसणारा पट्टा अगदी पातळ असतो, म्हणून मोबाइल किड्याच्या अंगाला समांतर धरायचा. तिरपा धरला तर डोकं स्पष्ट आणि पोट धूसर. रात्री फ्लॅशऐवजी बाजूने बॅटरी, तिच्यावर टिश्यू पेपर, म्हणजे ती नाव खाणारी चमक येत नाही. आकारासाठी शेजारी एक रुपयाचं नाणं किंवा निदान स्वतःचं बोट. कुठल्या झाडावर होता, त्या झाडाचाही एक फोटो. संत्र्याच्या गोष्टीत बघितलंच, किड्याचं अर्धं नाव कधी कधी झाड सांगतं. फिल्टर नकोत.

व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा फोटो पाठवला की तो आकसतो, आणि आत दडलेली तारीख-ठिकाणाची माहितीही गळून पडते. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर मूळ फोटो तसाच पोचतो. आणि फोटोसाठी किड्याचे पाय ओढू नका, फ्रीजमध्ये तर मुळीच ठेवू नका. अभयारण्यात तर नुसतं पाहायचं, हात लावायचा नाही.

त्या मुलाचा तो मँटिस सकाळी जाळीवर नव्हता. पण दिवाळीच्या सफाईत त्यांच्या कूलरच्या लोखंडी स्टँडवर, मागच्या बाजूला, त्याला एक तपकिरी, भज्यासारखं फुगलेलं काहीतरी चिकटलेलं सापडलं. वडील पत्र्याने खरवडणार होते, त्याने थांबवलं आणि फोटो पाठवला. मँटिसच्या अंड्यांचं घर. मादी पोटातून फेस काढते, त्यात अंडी रचते, आणि फेस वाळून असा टणक होतो. झुरळाचं वेष्टण राजम्याच्या दाण्यासारखं गुळगुळीत असतं, हे खरबरीत. आकारावरून जातकुळीचा अंदाज येतो. हे गोलसर आणि मोठं होतं, हिएरोडुलाकडे झुकणारं. मी त्याला मधली पट्टी दाखवली. पिल्लं निघतात ती त्या पट्टीतून, बारीक धाग्यांना लोंबकळत, एकाच वेळी डझनांनी. आणि हेही सांगितलं, की पोडॅग्रिऑन नावाच्या इवल्या गांधीलमाश्या मँटिसच्या अंड्यांवर आपली पिल्लं वाढवतात, आणि त्या बाहेर पडताना भिंत पोखरून गोल भोकं पाडतात.

उन्हाळाभर कूलर चालला, स्टँडला रंग मारला, त्या घराभोवतीचा तेवढा भाग सोडून. जूनच्या शेवटच्या आठवड्यात त्याचा मेसेज आला. या वेळी फोटो पाच होते, सगळे डॉक्युमेंट म्हणून पाठवलेले, एकात शेजारी रुपया ठेवलेला. खाली लिहिलं होतं, "काकू, मधली पट्टी जशीच्या तशी आहे. बाजूला अकरा भोकं आहेत, सगळी गोल."